सुंदररावांच्या हसण्यावर वाजलेली चाल

"ताई, शेवटाला तुम्ही वाजवली ती चाल मयतीची हाय ना?"

हा प्रश्न मी माइकवर विचारला. भरल्या मंगल कार्यालयात, अख्ख्या गावासमोर. पैज लावली होती शाईस्तानं. माझ्या कानात म्हणाली, "दम असंल तर विचार. न्हाईतर तुझी ती ट्रॉफी उद्या माझ्या घरी आणून दे, अम्मी त्यात लिंबं ठिवंल." मागच्या रांगेतल्या सगळ्या पोरी तोंडाला ओढण्या लावून फिदीफिदी हसत होत्या. आणि मला कुणी 'दम असंल तर' म्हटलं की विषय संपला.

म्हणजे हल्ली संपतो. गेल्या वर्षीची वैष्णवी असती तर ती खुर्चीखाली गेली असती. तेव्हा मी वर्गात 'हजर' इतकं हळू म्हणायचे की सर विचारायचे, वैष्णवी आली नाही का? मग केजला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला ढकलून उभं केलं, आणि मी पहिली आले. त्या दिवसापासून माइक मला घरचाच वाटतो. आता सर म्हणतात, वैष्णवी, बस कर माझे आई.

पण त्या दिवशी मी प्रश्न विचारला आणि पोरींचं हसणं एकदम तुटलं. सगळं कार्यालयच गप्प झालं. बाहेर शाईस्ताच्या अब्बांचं, सलीमचाचांचं जनरेटर तेवढं धडधडत होतं. तेव्हा मला कळलं, ही चाल फक्त आम्ही पोरींनीच ओळखली नव्हती. सगळ्यांनीच ओळखली होती, पहिल्या ठोक्याला. तोंडातून कुणी काढलं नव्हतं, एवढंच.

नीट पहिल्यापासून सांगते.

मनकर्णाताई आमच्याच गावची, आश्रुबाकाका हलगीवाल्यांची पोरगी. आमचं गाव नांदूरघाटच्या पुढं. इथं कुणाची वरात असो, कुणाची मयत असो, आश्रुबाकाकांना बोलावणं जातं. आणि बोलावणं आलं की जायचंच, त्यांच्या घराण्याला न्हाई म्हणायची सोय न्हाई. त्यांची ही एकुलती एक पोरगी नर्सिंग शिकायला पुण्याला गेली आणि नर्स व्हायचं सोडून ड्रमर झाली! रॉक बँडची! चार पोरं पुढं गिटार घेऊन उड्या मारतात आणि ही मागं बसून त्या चौघांना हाकत असते, औताला जुंपल्यासारखं. केस मानेपर्यंत कापलेले, दंडावर विंचू गोंदलेला, आणि हात असे चालतात की काड्या दिसतच नाहीत, नुसता वारा दिसतो.

तिच्यावर पुण्याच्या एका पोरानं माहितीपट केला. मागच्या उन्हाळ्यात तो कॅमेरा घेऊन गावात आला होता. आश्रुबाकाका जाळावर हलगी शेकतात ते घेतलं, गल्ली घेतली, शाळा घेतली आणि सुंदरराव घेतले. आमच्या गावात कॅमेरा येईल आणि सुंदररावांना न घेता जाईल, असं होत नाही. शेती त्यांची, मंगल कार्यालय त्यांचं, शाळेच्या समितीवर ते, गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, साहेब म्हणतात. माझे पप्पा त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत, मी शाळेतही नव्हते तेव्हापासून.

तर साहेबांनीच माहितीपट गावाला दाखवायचं ठरवलं. कार्यालय फुकट, पोहे फुकट. ताई आणि तो माहितीपटवाला पोरगा पण पुण्याहून आले. दारात फ्लेक्स लावला, त्यावर साहेबांचा फोटो मनकर्णाताईच्या फोटोपेक्षा मोठा. पडद्यासमोर वधूवरांचा लाल सोफा टाकला. त्यावर साहेब बसले, शेजारी त्यांचा मुलगा अंगददादा.

सुरुवातीला काय मजा आली! आमच्या पुढं छबुबाई बसली होती, दूधवाली. पडद्यावर ताई ड्रमवर बसली तसं ती म्हणाली, "अगं बया, पोरगी कशी पाय फाकवून बसलीया!" मग एक एक ड्रम, एक एक झांज दिसायला लागली तशी म्हणते, "एवढी भांडी लागत्यात व्हय वाजवायला? आश्रुबाला तर एकच लागती." पण मधेच ताई एकटीच वाजवते, सगळे थांबतात आणि ती सुटतेच, तेव्हा मी खाली वाकून बघितलं. छबुबाईची चप्पल जमिनीवर ठेका धरत होती. तिला माहीतच नव्हतं. बायकांच्या बाजूला आई पदराचं टोक दातात धरून बसली होती, डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

आणि मग शेवट आला. मोठ्या शहरातला स्टेज, खाली माणसांचा समुद्र, सगळे दिवे विझलेले. ताई एकटी, एकाच ड्रमवर. दोन ठोके. मग गप्प. मग एक ठोका. मग परत दोन.

आमच्याकडं ही चाल लहान लेकरालाही कळते. ती लांबून ऐकू आली की आई चुलीवरचं झाकते आणि आम्हाला आत ओढते. मधल्या त्या गप्प जागेत माणसं तिरडीचा खांदा बदलतात. पडद्यावरची शहरातली पोरं मात्र त्या गप्प जागेत हात वर करून किंचाळत होती, नाचत होती. आणि त्यांच्यावरून गावाची चित्रं सरकत होती. गल्ली. जाळ. हलगी. मग साहेब आपल्या फाटकात उभे, हात जोडलेले, हसतायत. ते हसणं हळूहळू होत होतं, यंत्रानं हळू केलेलं. दोन ठोके. हसणं. एक ठोका. जोडलेले हात.

पडदा काळा झाला तरी टाळी पडेना. कुणीतरी खाकरलं. तेवढ्यात शाईस्तानं माझ्या बरगडीत कोपर मारलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मनकर्णाताईनं माझ्याकडं बघितलं. नाव-गाव काही विचारलं नाही. "हो," म्हणाली, "मयतीचीच."

त्या माहितीपटवाल्या पोरानं घाईनं माइक घेतला. "म्हणजे एडिट करताना आम्हाला माहीत नव्हतं, पण सरांच्या स्माइलला तो रिदम इतका सूट झाला ना..."

हसलं कुणी नाही. तो एकटाच हसला आणि त्यालाही ते कळलं.

ताईनं त्याच्या हातातून माइक परत घेतला. "मी सातवीत होते तेव्हा माझी आई गेली. त्या दिवशी माझे वडील, अण्णा, साहेबांच्या भावाच्या वरातीत वाजवत होते. निरोप पोचला. वरात दारात गेल्याशिवाय हलगी थांबायची नाही, असं सांगण्यात आलं. अण्णा वाजवत राहिले. आईला आम्ही मुक्यानं नेलं. सगळ्या गावाच्या मयतीला वाजवणाऱ्याच्या बायकोला हलगी नाही मिळाली. म्हणून मी प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी तिची राहिलेली हलगी वाजवते. तिच्यावर कुणाचा चेहरा लावायचा हे मी ठरवलं नाही." तिनं सोफ्याकडं बघितलं. "पण लागलाय खरा."

साहेब सोफ्यावरून उठले. मला वाटलं आता फुटतात. पण ते हसले! अगदी पडद्यावर होतं तसंच. "बाई," म्हणाले, "जित्या माणसाची मयत काढली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणत्यात. आमचं वाढवलं तुम्ही." मग हशा आला, पण उशिरा आला. आधी अंगददादा हसला, मग त्याच्या मागची रांग, मग तिच्या मागची. साहेबांनी ताईला शाल घातली, नारळ दिला. शाल खांद्यावर नीट करताना ते तिच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. ताई हलली नाही. फक्त नारळ धरलेल्या बोटांची नखं पांढरी झाली.

काय बोलले ते दिवस मावळायच्या आत गावभर झालं, अंगददादानंच केलं. येत्या रविवारी साहेबांचा वाढदिवस. त्या दिवशी मनकर्णानं बापाची हलगी घेऊन साहेबांच्या दारात यायचं, चार माणसांत, मोबाइल चालू ठेवून वरातीची चाल वाजवायची आणि 'माझं चुकलं' म्हणायचं. मग विषय मिटला. आणि नाही आली तर? त्याच्यावर अंगददादा काही म्हणाला नाही. "बघू," म्हणाला.

त्या संध्याकाळी ताई पुण्याला जायला निघाली तेव्हा मी स्टँडवर गाठलंच तिला. दोन मिनिटं बोलू द्या, मला पण ड्रम शिकायचाय, मी लई पटकन शिकते, वक्तृत्व पण एका महिन्यात शिकले! तिनं माझे हात बघितले, तळवे उलटे-सुलटे करून. "हात अण्णांकडं तयार कर," म्हणाली, "ड्रम नंतर कधीही येतो." मी विचारलं, रविवारी साहेबांच्या दारात येणार का तुम्ही? ती एस.टी.ची पायरी चढली आणि म्हणाली, "गावात येणार. त्यांच्या दारात नाही."

मग ती क्लिप फिरायला लागली. कुणीतरी शेवटचा तुकडा कापून टाकला, साहेबांचं हसणं आणि ठोके, तेवढाच. पुण्या-मुंबईची माणसं खाली लिहीत होती, 'अंगावर काटा', 'क्वीन', 'काय ग्रूव्ह आहे यार', आणि आगीची चित्रं. आमच्या जिल्ह्यातली माणसं वेगळंच लिहीत होती. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'साहेब, लवकर गेलात.' आष्टीकडच्या कुणीतरी साहेबांच्या फोटोला कडेनं काळी चौकट करून टाकली होती. साहेबांच्या विरोधातले लोक हसून लोळत होते. मी पण हसले, खोटं कशाला सांगू. शाईस्तानं आणि मी दोघींनी ताईच्या क्लिपला बदाम टाकला.

पण गावात कुणी हसत नव्हतं. स्टँडवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातल्या मोठ्या फ्लेक्सवर झेंडूचा हार होता. फोटोला घालतात तसा, चारी बाजूंनी नीट सोडलेला. मी शाळेला जाताना बघितला. अंगददादा शिडीवर चढून तो स्वतः काढत होता. खाली दुकानं उघडी होती, माणसं होती, पण वर कुणी बघत नव्हतं. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत होते. अंगददादा हार हातात घेऊन खाली उतरला, एकेकाच्या तोंडाकडं बघत गेला आणि तो हार त्यानं टाकला नाही. घडी घालून खिशात ठेवला.

दुपारी साहेबांना चक्कर आली म्हणे. संध्याकाळी त्यांचा पाण्याचा टँकर ओढ्यात घसरला. दोन्हीत कुणाला काही झालं नाही. पण छबुबाई दूध घालायला आली तेव्हा आईला हळूच म्हणाली, "वाजलेली चाल रिकामी जात न्हाई बाई. तिला माणूस लागतोच."

"साहेबांना काय व्हतंय," आई म्हणाली.

"मी कुठं साहेब म्हणले?" छबुबाई चरवीला झाकण लावत म्हणाली. "मोठ्या दारावरनं गेलेली चाल बारक्या दारातच शिरती."

मी आतून ऐकत होते. मला हसू यायला पाहिजे होतं, कारण छबुबाई अशी वाक्यं म्हशीबद्दलही बोलते. पण आलं नाही. कारण तिनं बोलताना आश्रुबाकाकांच्या गल्लीकडं हात केला होता.

शाळेत शाईस्ता माझ्याजवळ बसेना. मधल्या सुट्टीत मी तिला पाण्याच्या टाकीमागं धरलं.

"काय झालं गं? ट्रॉफीत लिंबं न्हाई मिळाली म्हणून?"

"वैशे, बदाम काढ क्लिपवरचा," ती म्हणाली. "मी काढला."

"कावून?"

"अब्बाला कार्यालयावरनं निरोप आला. म्हनले, सलीमभाई, तुमची पोरगी लई मोबाइल बघती. बस, एवढंच म्हनले. दुसरं काय बी न्हाई." तिनं माझ्या हाताला चिमटा काढला, पण जोरात नाही. "अब्बा रात्री जेवले न्हाई गं. तूच विचार कर, तुझे पप्पा तर त्यांच्या गाडीवरच हायत."

"मग तर आपल्याला कोण काय म्हणणार!" मी म्हणाले. खरंच असंच वाटलं होतं मला.

आणि मी आश्रुबाकाकांकडं शिकायला जायला लागले. घरी सांगितलं शाईस्ताकडं अभ्यासाला जाते. त्यांचं घर गावाच्या टोकाला, पुढच्या दारासमोर रस्ता, मागं बाभळी. मी मागून जायचे, कारण मागून आमच्या गल्लीतनं जवळ पडतं. पहिल्या दिवशी काका मला बघून दचकलेच. मग म्हणाले, "तू व्हय. माइकवाली."

"शिकवता का?"

"शिकवायला काय, तुझ्या प्रश्नानं आधीच लई शिकलो," म्हणाले, पण हसले. दोन काड्या हातात दिल्या आणि हलगीच्या ऐवजी उपडा पत्र्याचा डबा पुढं सरकवला. "ह्याच्यावर. हलगी शेकायची न्हाई आता. जाळ दिसतो लांबून."

त्यांना मी विचारलं, काका, तुम्हाला कसा वाटला तो पिच्चर? सगळं गाव बोलतंय, तुम्ही काहीच बोलत नाही.

"मला पटला न्हाई," ते म्हणाले. मी बघतच राहिले. "पोरगी वाजवती झ्याक, त्यात वाद न्हाई. पण आईची हलगी आईला पुरे. ती चार लोकांत कशाला? मी म्हणलं तिला फोनवर, ये, वाजव साहेबाच्या दारात, हात काय झिजत्यात व्हय? मी वाजवलंच की जन्मभर. म्हणती, अण्णा, म्हणूनच." काका काड्या उचलून परत खाली ठेवायला लागले. "आता म्हणती, रविवारी येती आन् तुमाला पुण्याला नेती. हे घर सोडून? इथं तिची आई गेली. मी काय गाठोडं हाय न्यायला?"

"तुम्हाला भ्या वाटत न्हाई का?"

"गाडी थांबती ना रोज," काका म्हणाले, जणू एस.टी.बद्दल बोलावं तसं. "दिवस कलला की येती, दारासमोर थांबती. इंजिन चालूच. कोणी उतरत न्हाई, कोणी बोलत न्हाई. अंधार पडला की जाती. पहिल्या दिवशी मी दार लावून बसलो. मग म्हणलं, दार लावून किती दिस बसायचं? चहा नेऊन दिला. डायवर भला माणूस हाय. चहा घेतो. कप पाण्यानं विसळून देतो."

माझ्या हातातली काडी थांबली. आमच्या घरात कप विसळून देणारा एकच माणूस आहे. आई त्यावरून चिडवते, सासूनं काय वळण लावलंय म्हणून.

तेवढ्यात ते इंजिन आलं. आधी लांबून, मग जवळ, मग दाराच्या फटीतून आत. भिंतीला टांगलेली हलगी त्या आवाजानं बारीक थरथरायला लागली, कुणी न वाजवता. काकांनी चूल पेटवली आणि भांडं चढवलं, सवयीनं. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं मी कुणाची पोरगी आहे.

मी फटीला डोळा लावला. पांढरी गाडी. काच अर्धी खाली. खिडकीवर ठेवलेलं कोपर. त्या शर्टाच्या बाहीला सुटलेली शिवण मी स्वतः घातली होती, शाळेच्या शिवणकामाच्या तासाला, वाकडी. पप्पा समोर बघत होते. नुसते समोर. घराकडं सुद्धा नाही.

मला ओरडायचं होतं. मला! माइकवाल्या वैष्णवीला! आवाजच येईना. काका चहाचा कप घेऊन दारातून बाहेर गेले, मी आत भिंतीला चिकटून राहिले. बाहेर काका म्हणाले, "साखर कमी झाली का वो आज?" पप्पा म्हणाले, "न्हाई. बराबर हाय." बस, एवढंच बोलणं. मग पाण्याचा आवाज, कप विसळल्याचा. मी मागच्या बाभळीतून पळत घरी आले, ओढणी काट्यात फाटली तरी थांबले नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मी पप्पांकडं बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडं बघितलं नाही. शाळेतून येताना मी आश्रुबाकाकांच्या पुढच्या रस्त्यानं मुद्दाम आले, तर त्यांच्या दाराच्या कडीला एक झेंडूचा हार अडकवलेला होता. वाळलेला, घडीच्या रेषा पडलेला. मी तो ओळखला. शेजारचं पोरगं सायकलवरून गेलं, त्यानंही बघितलं, आणि पायडल जोरात मारलं. मी हार काढून ओढ्यात टाकला. 

आज शुक्रवार. मी पुस्तक उघडून ओसरीत बसले होते. पप्पा लवकर आले, गाडी न घेता. आत आईला सांगत होते, अगदी खालच्या आवाजात, पण माझे कान मला लई चांगले दिलेत देवानं.

"उद्याला थांबायचं न्हाई म्हणले," पप्पा सांगत होते. "गाडी आश्रुबाच्या दारात नेऊन लावायची, चावी अंगदकडं द्यायची आन् चालत घरी यायचं."

"आन् मग?" आई म्हणाली.

"मग काय न्हाई."

"चावी कशाला पायजे त्याला? त्याची सोताची गाडी हाय की."

"मी विचारलं न्हाई."

भाकरी थापायचा आवाज थांबला. "आवं, इचारा तरी."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यानी," पप्पा म्हणाले. "मग मला माहीत झालं असतं." पुढं म्हणाले, "रविवारी ती पोरगी यायच्या आत काय ते व्हायचंय म्हणत व्हते. मी गाडी चालवितो. नुसती गाडी. थांब म्हणले, थांबलो. सोड म्हणले, सोडतो. ह्याच्यात माझं काय?"

 मग आईनं जे केलं ते मी तिला कधी करताना बघितलं नव्हतं. तिनं पिठाचा हात परातीच्या काठावर ठेवला आणि बोटांनी, अगदी हळू, वाजवलं. दोनदा. गप्प. एकदा.

"थांब," पप्पा म्हणाले. "वाजवू नको ते घरात."

"कार्यालयातनं आले तेव्हापासनं डोक्यात हाय," आई म्हणाली. "तुमी रोज तिथं थांबता. तुमाला कसं ऐकू येत न्हाई?"

मी पुस्तक मिटलं आणि आत गेले. दोघंही माझ्याकडं वळले. पप्पांचा चेहरा असा झाला, जसा मी फटीतून बघितला होता, समोर बघणारा, कुठंच न बघणारा.

"कधीची ऐकतीस?" आई म्हणाली.

"परवा मी आश्रुबाकाकांच्या घरात होते," मी म्हणाले. "आत. तुम्ही बाहेर होता, पप्पा. साखर बराबर होती म्हणालात."

पप्पा खाली बसले. चुलीशेजारीच, उकिडवे, हात गुडघ्यांवर. मला त्यांच्या बाहीची वाकडी शिवण दिसत होती.

"मी काय करू, वैशे?" ते म्हणाले. हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. मला, जिला सगळ्याची उत्तरं येतात. "गाडी सोडली तर दुसरा कोणीतरी बसंल तिच्यावर. चावी त्याची त्याला मिळंलच. आपण उगं उघडे पडू."

"आन् काकाला काय झालं तर?"

"झालं तर," पप्पा म्हणाले, "ती चाल त्यांच्याच पोरीनं वाजवली. मी न्हाई."

मला वाटलं होतं मी रडेन. पण मला एकदम सगळं स्वच्छ दिसायला लागलं, परीक्षेत कधीकधी गणित दिसतं तसं. साहेबांना कुणाची भीती नाही, ताईची नाही, काकांची तर नाहीच. त्या दाराआड जो माणूस आहे तो त्यांना मोजावा लागत नाही, म्हणून गाडी तिथं थांबते. आणि बाहेर जो बसतो त्याला वाटतं, आपण नुसते थांबलोय. म्हणजे त्या दाराआड असं कुणीतरी पाहिजे, ज्याच्यासमोर पप्पांना 'मी नुसता थांबलो' म्हणता येणार नाही.

 मी सरळ उभी राहिले. स्पर्धेत राहतात तशी नाही, तशी मला आठवतच नव्हती.

"आई, पप्पा," मी म्हणाले, "उद्या शाळा सुटली की मी आश्रुबाकाकांच्या घरी जाणार हाय. दप्तर घेऊन आणि अंथरूण घेऊन. पुढच्या दारानं. रविवारी मनकर्णाताई येईपर्यंत मी तिथंच राहणार. विचारत न्हाई मी, सांगते. चावी द्यायची का न्हाई ते तुमचं तुम्ही बघा, पप्पा. पण देणार असाल, तर देताना अंगददादाला सांगा, घरात आता तुमची पोरगी हाय."